नखानं वाजवलेला ठोका

टक टक, टक टक. लोखंडी खाटेच्या पायावर नखाची टकटक. मंडळी, बोलायला उभा राहिलो आणि कानात आधी तीच आली. पन्नास वर्षांमागची. नातीच्या शोकसभेत, आपल्या शाळेच्या या वर्गात, आजोबानं बोलावं, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

माझा दत्ता जन्मला तेव्हा नर्सबाई माझ्या बायकोच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायच्या. कळ ओसरली की पुन्हा कान. आणि ऐकलेला ठोका खाटेवर नखानं वाजवायच्या, दाराबाहेर मला कळावं म्हणून. "ऐका हो, लेकरू पळतंय तुमचं!" याच वर्गात लहानपणी पाठ केलेल्या कविता मी त्या ठोक्यावर मनात म्हणत बसलो होतो.

त्या दत्ताची लेक आपली अश्विनी. माझ्या सगळ्या कविता तिनं मांडीवर बसून उचलल्या. परवापरवा म्हणाली, "आबा, तुमी कविता म्हनता अन् हे आतून लाथा मारतंय. न्हाई आवडत त्याला!"

ना बीपी, ना शुगर. हसत, चालत गेली दवाखान्यात. पोटाला यंत्राचा पट्टा बांधला. हलायचं नाही, म्हणाले. कागदावरची बाळाच्या ठोक्यांची रेघ खाली गेली. "सिझर करावं लागेल." मी हात जोडले. डॉक्टर, तिला कुशीवर वळवा, एकदा कानानं ऐका. ते हसले. "आजोबा, तुमचा जमाना गेला. मशीन खोटं बोलत नाही."

मुलगी खणखणीत रडत बाहेर आली. तिला काही झालंच नव्हतं. अश्विनीचं रक्त मात्र थांबलं नाही.

नंतर नगरच्या एका डॉक्टरीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, "आबा, जोखमीच्या बाळंतपणात यंत्र हवंच. पण धडधाकट बाईला ते सतत बांधून ठेवल्यानं जास्त मुलं वाचतात, असं इतक्या वर्षांच्या अभ्यासात दिसलेलं नाही. थोड्या थोड्या वेळानं नीट ऐकलं तरी पुरतं. यंत्रानं सिझर मात्र वाढतात."

म्हणजे हे ठाऊक होतं! मग माझ्या पोरीच्या वेळी कान कुठं गेले होते?

लोक म्हणतात, आबा, माफ करा. नाही करणार. मला सूड हवाय. दवाखान्याच्या काचा फोडून तो उगवायचा नाही. मी त्या फाटकासमोर बसणार. येणाऱ्या प्रत्येक पोरीला सांगणार, बाई, आत जाऊन विचार, कानानं ऐकणार का? आणि त्या माणसाला झोपेत टकटक ऐकू यावी. मरेपर्यंत यावी.

थांबा. दारात कोण उभंय?

डॉक्टर, तुम्ही?

खाली बसा रे पोरांनो! कुणी हात उचलायचा नाही. सूड माझा आहे. या डॉक्टर, पुढं या. सूनबाई, बाळ द्या त्यांच्याकडे. इथं यंत्र नाही, कागद नाही. हिच्या छातीला कान लावा. आणि ऐकाल तो ठोका या बाकावर नखानं वाजवा. अश्विनीच्या फोटोपर्यंत पोचला पाहिजे.

मंडळी, उभे राहा. आता कुणी बोलू नका.

वाजवा, डॉक्टर.