एक मागवलं, दहा आले

हे कुणाला सांगू नकोस असं अम्मीने बजावलंय, पण या पडद्यामागे गप्प उभं राहवत नाही, आणि तुम्ही पाचवीतल्या, तुमचं समूहगीत माझ्यानंतर, तेव्हा ऐका, पण बाहेर बोलू नका हं... मला चारचौघांत बोलता येत नाही, हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणतानासुद्धा आवाज घशातच राहतो! म्हणून प्रोजेक्टच असा निवडला की मी गप्प आणि आलेख बोलणार. जून ते सप्टेंबर, खरीफमध्ये मस्कत कसं तापतं, आपलं सलालाह धुक्या-पावसात कसं गार राहतं... दोन रेषा, लाल आणि हिरवी, बस्स! आलेख काढणारं मॉड्यूल, म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्रॅम, तेवढं हवं होतं. परवा दुपारी कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत एक ओळ लिहिली, इंटरनेटवरून मॉड्यूल आणून देणारं पिप असतं ना, त्याला म्हटलं, एवढं एक आणून दे. तुम्हाला सांगते, एकच मागवलं होतं हो मी! आणि बघते तर भराभरा नावं, नमपाय काय, पिलो काय, एकाचं तर नाव नुसतं ‘सिक्स’... मोजून दहा जण जास्तीचे!

नेमकी अम्मी मागे उभी. आता अम्मीचं दुःख असं, की खरीफ आला की मस्कतचे पाहुणे गारव्याला आमच्याकडे. यंदा एकट्या इक्बाल खालूंना, मावशीच्या नवऱ्याला, बोलावलं, तर दोन गाड्या भरून आले! त्यांचे व्याही, व्याह्यांचे शेजारी, शेजाऱ्यांचं मांजर... आठ दिवस अम्मी तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. ती स्क्रीन बघून कडाडली, “अगो, ही कोण सगळी? ओळख ना पाळख! काढ बाहेर!” मी म्हटलं, अम्मी, एकच मागवलं होतं... पण ऐकतं कोण? एकेकाला काढायला बसले. पिप बिचारं दर वेळी अदबीने विचारतंय, नक्की काढू? आणि मागून अम्मी, “हो म्हण, हो म्हण! मला इक्बालभाईंना ‘निघा’ म्हणवलं नाही, तू तरी म्हण!”

प्रोग्रॅम चालवला, तर आलेख नाही, नुसत्या चुकांच्या ओळी! दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला दाखवायचं, आणि आलेख नाही म्हणजे दहा मिनिटं तोंडी बोलायचं... मी रडायलाच लागले. वर्गातल्या देविकाला फोन केला, तर ती हसत सुटली. “अगं, ते पाहुणे नव्हते, कामाला आले होते! एक आकडे बघतो, एक चित्रं सांभाळतो. तीच ओळ पुन्हा लिही.”

लिहिली. आणि काय सांगू! कुणी काढलं, का काढलं, मघाशी झोपली होतीस का... एक शब्द नाही! आमच्या घरी चमचा हरवला तर अर्धा तास ऐकावं लागतं, आणि पिपने दहाही जण निमूट परत आणून बसवले. एकच मागवलं होतं मी, आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या माणसांनी, ज्यांना माझं नावही ठाऊक नाही, त्यांनी केलेलं सगळं फुकट माझ्या दारात! मी स्क्रीनलाच शुक्रिया म्हटलं. अम्मी जरा ओशाळली. म्हणाली, “चहा तरी विचारायला हवा होता गो त्यांना.”

काल वर्गात आलेख आला, लाल रेषा वर, हिरवी खाली, टाळ्या पडल्या, मी एक अक्षर बोलले नाही! म्हटलं, खलास, सुटले! तर विद्या मॅडम म्हणतात, “इतकं सुंदर! उद्या सगळ्या शाळेला दाखव, आणि नीट समजावून सांग.”

सहाशे मुलं बसलीयत बाहेर! रागवायचं तरी कुणावर? पिपवर नाही, देविकावर नाही, अम्मीवर तर नाहीच... एवढंच वाटतं, की ते मेलं मॉड्यूल जरा कमी चांगलं चाललं असतं, तर मी आत्ता—

“उमामा! यल्ला, स्टेजवर ये, माइक तुझ्यासाठी थांबलाय!”