गोलातली जागा

धुळे-पिंपळनेर बस. पुढच्या सीटवर, खिडकीशी, डी.एड. करणारी मुलगी. तिच्या शेजारी मागाहून चढलेल्या आजी.

"मास्तरीन व्हनार का तू? मंग वर्गमा काय करशी?"

"बाकं काढून टाकणार, अक्का. मुलं गोल करून बसतील. मग कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही."

"मन्ही नात दिवाळीनंतर मायबापसंगे ऊस तोडाले गुजरातले जास. होळीले येस."

"नाव काय तिचं?"

"रोशनी."

"तिची जागा तशीच ठेवायची."

"कशी ठेवशी?"

"तिची पाटी ठेवायची तिथे. म्हणजे बघणाऱ्याला कळतं, इथे रोशनी बसते."

"पाटी बाजूले करीसन कोनी बठनं त?"

"असं कसं बसेल? तेच तर शिकवणार मी. जागेवर कोणाची वस्तू दिसली की ती जागा त्याची. पहिलीतल्या पोरालाही कळतं हे."

"हां. ते शिकाड."

साक्री गेलं. आजींनी पिशवी मांडीवर घेतली.

"पोरी, तुन्हा पायखाले मन्हा रुमाल पडेल शे, तो दे. जागा धराले खिडकीमाईन टाकेल व्हता मी. तू बठनी तठेच."