लंगोटांच्या संस्थेत माझं पद काय?

पण माझं पद काय? नाही, मला एवढंच सांगा. बाकी काही नको. चहा नको, खुर्ची नको, तुम्ही सगळे आलात, बसलात, आनंद आहे... पण हा बिल्ला बघा. हा, शर्टाला लावलाय तो. जवळून बघा, लाजू नका. वर संस्थेचं नाव, 'कापडी लंगोट पालक मंडळ', खाली माझं नाव, दोन्ही आमच्या ताईच्या अक्षरात, काय वळण आहे बघा! त्याच्याखाली 'पद', मग दोन ठिपके, आणि पुढे? पुढे काही नाही! मोकळं मैदान! सहाही पालकांना पदं मिळाली. ताई अध्यक्ष. शाळेतल्या मॅडम सचिव. जुळ्यांचे बाबा बस चालवतात, ते खजिनदार. शिंपीणबाई शिलाईप्रमुख. ग्रंथालयात काम करणाऱ्या बाई, ज्यांचा आवाज आयुष्यात कुजबुजीच्या वर गेला नाही, त्या प्रसिद्धीप्रमुख! आणि आमचे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, ज्या माणसाला स्वतःचा टॉवेल सापडत नाही, ते साठाप्रमुख! आणि मी? मी विचारलं, "ताई, माझं पद?" ती ओला लंगोट झटकत होती. वर न बघता म्हणाली, "वाळल्यावर बघू."

आता हे तिचं ठरलेलं उत्तर होतं. कारण काय, तर लंगोटावरचा डाग ओला असताना भयंकर दिसतो. नवी आई घाबरते, रडते, फेकायलाच निघते. ताई म्हणायची, आत्ता काही ठरवू नको, उन्हात टाक, वाळल्यावर बघू. आणि खरंच सांगतो, निम्मे डाग ऊनच खाऊन टाकतं. पण मग ती सगळ्यालाच तेच म्हणायला लागली. दाजी रुसले, वाळल्यावर बघू. मी कामावर भांडून आलो, वाळल्यावर बघू. अहो, मी काय दोरीवर होतो का?

तुम्हाला सांगतो, मी शिकलेला माणूस नाही. शाळेशी माझं सातवीत भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी पंक्चर काढतो. ट्यूब फुगवायची, टबात बुडवायची, बुडबुडे कुठून येतात ते बघायचं. गळती शोधणं हा माझा धंदा. म्हणून भाची झाली, गोल गरगरीत, आम्ही तिला भोपळीच म्हणतो, आणि तिच्या मांड्यांवर त्या विकतच्या डायपरनं लालेलाल चट्टे उठले, तेव्हा ताईनं जुन्या चादरी फाडून पहिले लंगोट शिवले आणि गळतात कुठे ते बघायला मला बोलावलं. मी बघितलं. म्हटलं, "ताई, मधून गळतच नाही. कडेनं गळतंय. मांडीपाशी फट आहे." तिनं तिथे इलास्टिक घातलं. गळती बंद! ती माझ्याकडे अशी बघायला लागली की शाळेतल्या एकाही बाईनं कधी बघितलं नव्हतं.

मग शेजारचे आले, शेजारच्यांचे शेजारी आले, शिंपीणबाईंच्या दुकानामागची खोली मिळाली आणि झाली संस्था! नफा न मिळवणारी! सभा बघायला हव्या होत्या तुम्ही. मॅडम इतिवृत्तात सगळं लिहायच्या. 'ठराव मांडला. अनुमोदन मिळाले. थोरल्या जुळ्याने सचिवांचे पेन गिळण्याचा प्रयत्न केला. सभा दहा मिनिटे तहकूब.' दिवसभर नोकऱ्या करून, कडेवर पोरं घेऊन, ही माणसं बटणं टाचायची, लोकांच्या घरी जाऊन कसं बांधायचं ते शिकवायची. कुणी सांगितलं होतं? कुणी नाही! पोरं सांभाळायची, कापायला मदत करायची, बादल्या उचलायच्या, गळती शोधायची, हे कुणी करायचं? "मामा, जरा बघता का?" सगळ्यांचा मी मामा. जुळ्यांचे बाबा म्हणाले, "मग पद 'मामा' लिहा की." मॅडमनी चष्मा वर केला. "मामा हे नातं आहे. पद नव्हे." झालं! गेलं तेही!

आता मुख्य गोष्ट ऐका. मोठ्या दवाखान्यात बाळंतिणींचा वॉर्ड आहे. ताईचं म्हणणं, घरी जाणाऱ्या प्रत्येक आईच्या हातात सहा लंगोट द्यायचे आणि बांधायला शिकवून पाठवायचं. कारण परवडत नाही म्हणून बायका एकच डायपर दिवसभर ठेवतात, वाळवून पुन्हा बांधतात, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. पण वॉर्ड होता मेट्रनबाईंच्या ताब्यात. मेट्रनबाई म्हणजे... कडक इस्त्री बघितली आहे? तिला चष्मा लावा. त्या म्हणाल्या, आधी करून दाखवा.

ऐंशी लंगोट तयार. आदल्या दिवशी धुवायचं काम माझ्याकडे. मी म्हटलं, आपल्या ताईचा मोठा दिवस, आपणही काहीतरी करावं. दुकानात गेलो, कपडे मऊ करायचं ते गुलाबी लिक्विड आणलं, आख्खी बाटली ओतली. काय मऊ झाले हो! काय वास! ससा वाटावा एकेक लंगोट!

आणि खोलीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, 'लंगोटाला मऊ करायचे औषध लावू नये. धाग्यावर थर बसतो. कापड पाणी पीत नाही.' रोज बघायचो मी ते. वाचलं होतं का? अहो, भिंतीवर लिहिलेलं मी वाचत असतो तर सातवीत थांबलो असतो का?

वॉर्डात टेबल मांडलं. ताईनं ग्लास उचलला. "बघा बाई, एक थेंब बाहेर येणार नाही." ओतलं. तुम्हाला सांगतो... पाणी आतच गेलं नाही! लंगोटावर टपोरे मोती होऊन उभं राहिलं, क्षणभर विचार केला, आणि निघालं. टेबलावरून केसपेपरवर, केसपेपरवरून मेट्रनबाईंच्या पांढऱ्या बुटांवर! ताईनं दुसरा लंगोट घेऊन बूट पुसायला सुरुवात केली, तर तोही पाणी पिईना, नुसतं पसरवत सुटला! शिंपीणबाईंनी नाक वर केलं. "वास कसला येतोय गं?" आणि मी, मागून, छाती काढून... "गुलाबाचा!"

सहा माना वळल्या. मला वाटलं, आता ताई मला या खिडकीतून खाली टाकणार. टाकायलाच हवं होतं. तिनं काय केलं माहीत आहे? सरळ उभी राहिली. म्हणाली, "बाई, चुकीचं धुतलं की असं होतं. घरोघरी नेमकी हीच चूक होणार. बरं झालं, तुमच्यासमोर झाली." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आणि हा आमचा..." थांबली. मेट्रनबाई म्हणाल्या, "हा तुमचा कोण?" ताई हसायलाच लागली. ओले बूट, ओले कागद, आणि ही हसतेय! "वाळल्यावर सांगते!"

मेट्रनबाई हसल्या नाहीत. "तीन महिन्यांनी या. कोरडं राहून दाखवा. नाहीतर माझ्या वॉर्डात हे आणायचं नाही."

म्हणजे ऐंशीच्या ऐंशी लंगोटांवरचा तो थर काढायचा. कसा? कढत पाणी. एकदा नाही, सात-सात वेळा! मी लंगोट पंक्चरच्या दुकानात नेले. एका टबात ट्यूब, एका टबात लंगोट. प्रत्येकावर चमचाभर पाणी टाकायचं, थेंब उभा राहिला की परत टबात. गिऱ्हाइकं विचारायची, "पंक्चर काढताय की बाळंतपण?" मी म्हणायचो, "दोन्हीकडे काम एकच, गळती थांबवायची." दुकानाचे मालक, आमचे उस्ताद, आधी ओरडले, मग गुपचूप येऊन ते पण चमचा घेऊन बसले.

चाळीस झाले होते... आणि ताईला ताप आला.

अकरा दिवस. त्याच दवाखान्यात, वरच्या मजल्यावर. डॉक्टर पुष्कळ बोलले, मला एकही शब्द कळला नाही. खालच्या वॉर्डातून एखादं बाळ रडलं की ती डोळे मिटूनच म्हणायची, "ओलं असेल. बघा कुणीतरी जाऊन." मी रोज मुद्दाम विचारायचो, "ताई, माझं पद काय गं?" ती बोलावी म्हणून हो, दुसरं काय! शेवटच्या दिवशी पण विचारलं. म्हणाली, "वाळल्यावर..." एवढंच. 'बघू' राहिलं.

थांबा जरा. पाणी द्या. नाही, डोळ्यांना नको, प्यायला द्या.

हां. तर, पंधरा दिवसांनी सभा. सगळे आले, कुणी कुणाकडे बघेना. ताईची खुर्ची तशीच. मॅडमनी लिहिलं, शाईच्या पेनानं, सुंदर अक्षरात, 'संस्थेचे काम तूर्त थांबवावे.' वाचून दाखवलं. दाजी जमिनीकडे बघत होते. जुळे पण गप्प, यावरून समजा! मी म्हटलं, माझा विरोध आहे. मॅडम हळूच म्हणाल्या, "मामा, तुम्ही सभासद नाही. तुम्हाला मत नाही."

पद नाही, म्हणून मत नाही! माझं डोकं फिरलं. लंगोटांची बादली होती हातात, ती अशी आपटली टेबलावर, अशी आपटली, की पाणी उसळलं आणि सगळं इतिवृत्ताच्या वहीवर! आरडाओरडा, वही उचला, पेन उचला... जुळ्यांच्या बाबांनी गठ्ठ्यातला कोरडा लंगोट ओढला, माझ्या सात पाण्यांतून निघालेला, आणि वहीवर दाबला. उचलला. पान कोरडं! आख्खं पाणी प्यायला होता लंगोट, आणि पाण्याबरोबर ठराव पण! त्याच्यावर निळंनिळं उमटलं होतं, 'थांबवा' की काय, उलट्या अक्षरात. शिंपीणबाई किंचाळल्या, "अगं, प्यायला गं प्यायला!" मॅडमनी पान उजेडात धरलं, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ठराव वाचता येत नाही," त्या म्हणाल्या. "सबब, ठराव नाही." आणि दाजी, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, बोलले. काय बोलले? "उरलेले चाळीस कुठे आहेत?" साठाप्रमुख!

तारीख आली. वॉर्ड तोच, टेबल तेच, मेट्रनबाईंचे बूट मात्र काळे होते. बोलणार कोण? नेहमी ताई बोलायची! मॅडमनी "आदरणीय" म्हटलं आणि रडायला लागल्या. प्रसिद्धीप्रमुखांचे ओठ हलत होते, आवाज काही येईना. जुळ्यांचे बाबा घामानं भिजले, आता त्यांनाच लंगोट लागणार! शेवटी मीच पुढे झालो. कडेवर भोपळी.

"बाई," मी म्हटलं, "मागच्या वेळी मी सुगंधी केले होते. ते मीच." ग्लास उचलला. ओतला. गेलं आत! सगळं! टेबल कोरडं! मेट्रनबाई म्हणाल्या, "ग्लास हलत नाही. बाळ हलतं." मी म्हटलं, "म्हणून तर हिला आणलीय. दोन तास झाले बांधून." भोपळीला टेबलावर निजवली, त्यांचा हात धरून, हो, मेट्रनबाईंचा हात धरून, लंगोटाच्या मांडीपाशीच्या कडेवर फिरवला. कोरडी! मग उघडून दाखवला. आतून चिंब! म्हटलं, "गळती मधून होत नाही बाई, कडेनं होते. मांडीपाशी एक बोट गेलं पाहिजे, दोन जाता कामा नयेत. आधी चार-पाचदा धुवायचा, कोरं कापड पाणी पीत नाही. मऊ करायचं औषध नाही, वास नाही, काही नाही. डाग दिसला तर घाबरायचं नाही. उन्हात टाकायचा, आणि..." पुढचं तोंडातून येईना. पलीकडच्या खाटेवर एक नवी आई होती, कालचीच असेल. ती म्हणाली, "दादा, मला पुन्हा एकदा बांधून दाखवा ना."

मी दाखवला. मग शेजारच्या खाटेवर. मग त्याच्या पलीकडे. तुम्हाला सांगतो, वॉर्ड संपेपर्यंत सहाही पालक... पाच, पाच पालक, एकेका खाटेपाशी लंगोट बांधत होते, प्रसिद्धीप्रमुख मोठ्यानं बोलत होत्या, आणि मेट्रनबाई दारात उभ्या राहून नर्सला सांगत होत्या, "प्रत्येकीला सहा. लिहून घे." छाती एवढी झाली माझी! ही बटणं बघा, त्या दिवशी तुटायची राहिली.

मेट्रनबाई माझ्याजवळ आल्या. चष्म्यातून बिल्ला वाचला. "यांचं पद राहिलंय," त्या म्हणाल्या. पाचही जण एकमेकांकडे बघायला लागले. पेन सगळ्यांच्या खिशात होतं हो! पण ताईच्या अक्षराशेजारी लिहायला एकाचाही हात पुढे येईना. माझाही नाही.

मग फोटो ठरला. सगळे पायऱ्यांवर उभे, भोपळी दाजींच्या कडेवर, मधे एक जागा मोकळी सोडलेली. मी कुठे होतो? मागच्या अंगणात, नळावर! तो दाखवलेला लंगोट ओलाच टाकून फोटोला कसा उभा राहू? दोन पाण्यांतून काढला. वास घेऊन बघितला, कसलाच नाही, शाब्बास. एक डाग राहिला होता, चांगला मोठा. तेवढ्यात मॅडमची हाक आली, "अहो मामा, या ना लवकर! आणि फोटोखाली तुमचं पद काय लिहू, ते तरी सांगा!"

मी लंगोट झटकला, दोरीवर टाकला, उन्हाच्या बाजूनं चिमटा लावला आणि ओरडून सांगितलं, "वाळल्यावर बघू!"