दातारांना काय सांगायचं

इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या संरक्षित माळरानाबाहेर मी बसची वाट बघत होते. ती बावीस मिनिटं उशिरा होती. बाकावर शेजारी एक वयस्क मराठी जोडपं बसलं होतं.

“तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये सगळ्यांना ओरडलात. आज लेक तुम्हाला ओरडली.”

“ओरडली नाही. ‘सर, प्लीज मागे या’ म्हणाली.”

“सख्ख्या बापाला सर?”

“इथली रेंजर म्हणून ड्युटीवर होती ती, शुभदा. आणि मी पायवाट सोडली होती.”

“फोटोसाठी दोनच पावलं.”

“त्या दोन पावलांपुढे रातवा पक्ष्याची मादी अंड्यांवर बसली होती, उघड्या जमिनीवर. शाल्मलीने लांबून दाखवली, तरी मला ते वाळकं लाकूडच वाटलं.”

“चष्मा बदला.”

“चष्म्याचं नाही. तिची नजर तयार आहे.”

“बरं. दातारांच्या लॅबमधल्या नोकरीचं विचारलंत का तिला? त्यासाठीच तर स्टॅनमोरहून आलो.”

“नाही.”

“अहो, त्यांनी शब्द दिलाय. सोमवारपासून पाठवा तिला म्हणतात. आज उत्तर द्यायचंय.”

“मग लाव फोन.”

“काय सांगू?”

“शाल्मलीला जमणार नाही म्हणावं. अंडी फुटायची आहेत.”

“आणि पिल्लं उडून गेल्यावर?”

“कधीकधी दुसरी वीण असते. तीच सांगत होती.”

“त्यानंतर तरी?”

“त्यानंतर हिवाळा. बर्चची रोपं उपटावी लागतात, नाहीतर माळाचं जंगल होतं आणि रातव्याला जागा उरत नाही. त्या कामाला माणसं कमी पडतात.”

“मग?”

“मी माझं नाव दिलंय.”