निळा ठिपका

वाटूर फाट्यावर आष्टीच्या बससाठी थांबलो होतो. शेजारी सगुणाबाई आणि त्यांची धाकटी जाऊ दैवशाला.

“जाऊबाई, तुमचा फोनचा नाद सुटला का?” दैवशालानं विचारलं.

“आधी गुड मॉर्निंग धाडले, मंग रेसिपी, मंग सिरियली. आता आमच्या पोरानं, कल्याणनं, नवंच अ‍ॅप टाकलंय. मी कुठं हाय, ते त्याला पुण्यात निळ्या ठिपक्यात दिसतं.”

“काळजी असंल पोराला.”

“परवा पारावर बसले तर लगेच फोन! ‘आई, घरी जा.’ आधी मी फोन बघायचे, आता फोन मला बघून राह्यलाय.”

“मंग आज आष्टीला निघालात, रागवंल की!”

“कशाला? ठिपका बराबर घरी हाय. फोन पिठाच्या डब्यात ठेवलाय.”

“अन् त्यानं फोन केला तर?”

“वाजू दे. पीठ उचलंल. चल, बस आली.”