अस्वलाची ओळख करून देणाऱ्या डॉक्टरबाई

आदरणीय अध्यक्ष महोदय, प्राणिसंग्रहालयाचे संचालकसाहेब, व्यासपीठावरचे सर्व मान्यवर, आज ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो आहोत त्या आपल्या सर्वांच्या डॉक्टरबाई, इथले सगळे कर्मचारी बंधू-भगिनी आणि समोर बसलेल्या रसिक श्रोत्यांनो,

मी काही वक्ता नाही. पडदे शिवते. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत माझं छोटंसं दुकान आहे. तुमच्यापैकी काहींच्या घरचे पडदे माझ्याच हातचे असतील. कुणाचे आखूड झाले असतील तर ते नंतर बोलू, आज नको. माझ्याआधी तीन मोठी भाषणं झाली. डॉक्टरबाईंनी किती शस्त्रक्रिया केल्या, जिराफाच्या पिल्लाला बाटलीनं दूध कसं पाजलं, ते सगळं तुम्ही ऐकलंत. मग या पडदेवालीला इथं कशाला बोलावलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. बोलावलं नाही. मीच संचालकसाहेबांकडे जाऊन दोन शब्द बोलू द्या म्हणून हटून बसले.

जुन्या मंडळींना ठाऊक आहे, नव्यांसाठी सांगते. एकट्यानं उत्तर ध्रुवाकडे निघालेला आणि परत न आलेला तो मुलगा माझा. माझा धाकटा. घरात त्याला आम्ही लांब्या म्हणत असू, कारण त्याचे पाय कायम पलंगाबाहेर असायचे.

लांब्या वेड्यासारखा बर्फाच्या मागे लागला होता. आधी डोंगर झाले, मग गोठलेली सरोवरं झाली, आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाला, "आई, मला ध्रुवाकडे चालत जायचंय. एकट्यानं." मी म्हटलं, "आधी भाजी संपव." मला वाटलं, उतरेल खूळ. कसलं उतरतंय? रोज पहाटे कमरेला दोर बांधून ट्रकचे जुने टायर ओढत रस्त्यानं जायचा. ओढगाडी ओढायचा सराव! शेजारच्या आजी म्हणायच्या, "अगं, तुझ्या पोरानं कुणाचं काय चोरलंय का, असली शिक्षा भोगायला?"

थंडीची मला भीती होतीच, पण थंडीला कपडे असतात. मला खरी धास्ती होती ती जनावरांची. तिथं पांढरी अस्वलं आहेत. कुंपण नाही, काच नाही. म्हणून तो इथं आला, डॉक्टरबाईंकडे. तेव्हा इथं पांढऱ्या अस्वलाची म्हातारी मादी होती, थंड खोलीत ठेवलेली. सगळे तिला आक्का म्हणत.

पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी काय शिकवलं असेल? काही नाही! त्याला काचेसमोर बसवलं आणि म्हणाल्या, "हिच्याकडे बघत बस. हिला कंटाळा आला तरी तू उठायचं नाहीस." घरी येऊन मला म्हणतो, "आई, बाई भन्नाट आहेत."

मग शिकवणी सुरू झाली. तो घरी येऊन सगळं मला सांगायचा, मी मशिनीवर बसल्या बसल्या ऐकायची. अस्वलाच्या बाबतीत मी तेव्हापासून बरीच हुशार झाले आहे. ते वाऱ्याच्या उलट दिशेनं येतं, वास घेत, आवाज न करता. मान तिरकी करून बघत असेल तर त्याला नुसती चौकशी करायची असते. डोकं खाली आणि कान मागे गेले, तोंडातून फुसकारे निघाले, तर गोष्ट वेगळी. पळायचं नाही, पळणारी वस्तू ते खाण्याची समजतं. तंबू उघड्या पाण्याजवळ लावायचा नाही, कारण तिथं सील येतात आणि सीलमागे अस्वल येतं. स्वयंपाक तंबूपासून लांब. तंबूभोवती तार, तार ओढली गेली की धडाका व्हायला हवा. पातळ बर्फाखालून लांब सुळ्यांचा वॉलरस डोकं वर काढतो, त्याचं डोकं म्हणजे आपली अख्खी ओढगाडी उलटी. आणि तिथला तो छोटासा गोड कोल्हा? त्याला हातसुद्धा लावायचा नाही, त्याला पिसाळण्याचा रोग असू शकतो. लांब्यानं त्याच्या लसी आधीच टोचून घेतल्या. दंड सुजला तेव्हा म्हणाला, "आई, कोल्हा परवडला."

आणि सर्वांत मोठा धडा फ्लेअरचा. फ्लेअर म्हणजे पिस्तुलातून उडणारं, लाल उजेड आणि धूर करणारं नळकांडं. ते अस्वलाच्या पाठीमागे पडून चालत नाही. मागे पडलं तर ते घाबरून तुमच्याकडेच धावतं. ते पडायला हवं तुमच्या आणि त्याच्या मध्ये. बंदूकही न्यायची, पण ती अगदी शेवटी. डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या होत्या, "तू त्याच्या घरी चालला आहेस, हे बंदूक उचलताना आठव."

हे वाक्य नंतर फार फिरलं. वर्तमानपत्रांत फिरलं, टीव्हीवर फिरलं. तुमच्या इथल्या चहाच्या खोलीतही फिरलं. ते कसं फिरलं ते मी आज सांगणार आहे. माफ करा, जरा पाणी घेते.

लांब्या गेला. आठवड्यातून एकदा उपग्रहाच्या फोनवरून बोलायचा. निम्मं बोलणं वाऱ्यातच जायचं. एकदा अवेळी फोन आला. म्हणाला, "आई, मी ठीक आहे. आधी ते ऐक." ज्या आईला हे पहिलं वाक्य ऐकायला मिळतं तिच्या तोंडचं पाणी पळतं. तो पुढची वाट बघायला तंबू सोडून थोडा लांब गेला होता. परत येतो तर तंबूत अस्वल. तंबू फाडलेला, खाणं फस्त केलेलं, आणि स्टोव्ह पायाखाली चिरडून सपाट. रॉकेल सगळं बर्फात. तारेचा धडाका झाला होता, पण वाऱ्यात त्याला ऐकू आला नाही, आणि अस्वलानं त्याला भीक घातली नाही.

बंदूक खांद्याला होती. त्यानं फ्लेअर उडवलं. अस्वल थांबलं, वळलं आणि निघून गेलं. मला म्हणाला, "आई, बाईंना सांग, बरोब्बर मध्ये पडलं. आणि ते आक्कासारखंच बघत होतं, मान तिरकी करून. मी विमान मागवलंय. येईलच."

विमान निघणारच होतं, पण वादळ उठलं. मग निघूच शकलं नाही. स्टोव्ह नाही म्हणजे तिथं पाणीसुद्धा नाही, बर्फ वितळवायला विस्तव लागतो. विमानातली माणसं पोहोचली तेव्हा तो अंथरुणाच्या पिशवीत झोपल्यासारखा होता. बंदूक शेजारी, भरलेली.

आणि मग बाईंचं ते वाक्य असं फिरलं. "हातात बंदूक असून गोळी झाडली नाही." "प्राण्यांच्या कैवारी डॉक्टरणीनं पोराला मारलं." माझ्या दुकानात पडद्याचं माप घ्यायला आलेल्या बायकासुद्धा मला विचारायच्या, "तुम्ही तिच्यावर खटला का नाही भरत?" मी विचारते, अस्वलाला गोळी घातली असती तर चिरडलेला स्टोव्ह सरळ झाला असता का? सांडलेलं रॉकेल बर्फातून वर आलं असतं का? माझं पोर अस्वलानं नेलं नाही हो. अस्वलापासून तो वाचला, यांनी शिकवलेल्या विद्येनं वाचला. त्याला थंडीनं नेलं, आणि थंडीला डॉक्टरबाई काय करणार?

तेव्हाच मी यांच्या घरी गेले होते, त्याचा निरोप सांगायला. दारातच उभं राहून सगळं ऐकलं यांनी. मग म्हणाल्या, "तुम्ही माझं समाधान करायला आलात. त्याला भीती वाटायला हवी होती, मी त्याला ओळख करून दिली." आणि दार लावलं. रागानं नाही. ज्याला उभं राहवत नाही तो माणूस लावतो तसं.

त्यानंतर तुम्हीच पाहिलंत. आक्काच्या खोलीकडे या गेल्या नाहीत, ती आजारी पडली तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांना पाठवलं. आक्का गेली त्या दिवशी मात्र या मागच्या भिंतीपाशी उभ्या होत्या. मला हे तिची खोली धुणाऱ्या काकांनी सांगितलं.

आता पुढचं. समोर तिसऱ्या रांगेत एक मुलगी बसली आहे, निळ्या स्वेटरची. उठू नकोस गं, बस. ती मुलांना पोहायला शिकवते. मागच्या वर्षी माझ्या दुकानात आली. मी विचारलं, "खिडकीचे का दाराचे?" म्हणाली, "काकू, मला ध्रुवाकडे जायचंय. एकटीनं. तुमच्या मुलानं तयारी कशी केली ते सांगाल?"

खरं सांगते, हातातली कात्री फेकून मारावीशी वाटली. म्हटलं, "तुला आई आहे का?" म्हणाली, "आहे. ती माझ्याशी बोलत नाही." मी तिला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी ती परत. तिसऱ्या दिवशी परत! शेवटी मी हात टेकले. ही काही थांबणारी नव्हती. मग प्रश्न एवढाच उरला की, शिकून जाते की न शिकता?

मी तिचा हात धरून तिला इथं आणलं. डॉक्टरबाई एका माकडाचा दात बघत होत्या. आम्हाला पाहिलं आणि समजल्या. म्हणाल्या, "नाही. तुम्ही दुसरं काहीही मागा."

मी म्हटलं, "दुसरं काही मागायला मी आले नाही."

"माझ्याकडून शिकून गेलेला मुलगा परत आला नाही. हे तुम्ही मला सांगायला लावता?"

"तुमच्याकडून शिकला म्हणून तो मला त्या दिवशी फोन करू शकला," मी म्हटलं. "एक फोन जास्तीचा मिळाला मला. हिच्या आईला तेवढा तरी मिळू द्या."

त्या पुन्हा माकडाच्या दाताकडे वळल्या. माकडच काय ते ओरडत होतं. मग हातमोजे काढले आणि त्या मुलीला म्हणाल्या, "स्टोव्ह किती नेणार आहेस?" ती म्हणाली, "एक." या म्हणाल्या, "दोन. आणि दुसरा ओढगाडीवर नाही, तुझ्या पाठीवर. झोपतानासुद्धा सोडायचा नाही."

त्या दुसऱ्या स्टोव्हची पिशवी मी शिवली आहे. दुहेरी टाका घातलाय.

पण शिकवायचं कशावर? आक्का तर राहिली नाही. रिकाम्या खोलीत डॉक्टरबाई स्वतः अस्वल झाल्या. निवृत्तीला आलेल्या बाई, गुडघे दुखतात, तरी फरशीवर हातापायांवर चालायला लागल्या. मान तिरकी करत, डोकं खाली घालत, फुसकारे टाकत. ती मुलगी समोर, हातात खेळण्यातलं पिस्तूल. तिनं ओळखायचं, ही चौकशी आहे का हल्ला, आणि फ्लेअर कुठं टाकायचं. चुकली की या उठून तिला ढकलून पाडायच्या आणि म्हणायच्या, "मेलीस. पुन्हा."

खोली धुणारे काका आणि त्यांची मंडळी दारात उभी राहून हसत होती. मीही हसले. आणि मग एकदा या धावून आल्या, तिनं बरोबर मध्ये नेम धरला, तेव्हा या थांबल्या आणि तशाच हातापायांवर बसून राहिल्या. उठेचनात. काकांनी जाऊन हात दिला. डॉक्टरबाई म्हणाल्या, "गुडघा." आम्हीही म्हटलं, हो, गुडघा. तेव्हा कुणीच हसत नव्हतं.

ही मुलगी पुढच्या महिन्यात निघते आहे. आणि आज कळतं की डॉक्टरबाई पुढच्या आठवड्यात हे शहर सोडून बहिणीकडे कायमच्या राहायला चालल्या आहेत. सामान बांधून झालंय. तुम्ही सगळ्यांनी त्यांना शाल दिलीत, घड्याळ दिलंत, चांगलं केलंत. मी काही आणलेलं नाही. उलट मागायला आले आहे.

डॉक्टरबाई, वादळाचे ते दिवस मी फोन मांडीवर घेऊन काढले. नंतर मला कळलं की त्याच दिवसांत तुम्हीही तुमच्या खोलीत रेडिओ लावून जागच्या हलला नव्हता. एकाच शहरात आपण दोघी, आणि दोघी एकट्या. त्या बसण्यापेक्षा वाईट काही नसतं, हे या सभागृहात तुमच्या-माझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही. आता पुन्हा बसायची वेळ येणार आहे. हिची आई आता बोलते आहे हिच्याशी, पण फोनजवळ बसायचं धैर्य नाही म्हणते. म्हणजे फोन माझ्या दुकानात येणार. ती मुलगी परत येईपर्यंत जाऊ नका. माझ्या घरी लांब्याची खोली रिकामी आहे. तिथं राहा. वारा सुटल्याची बातमी आली की आपण एकमेकींकडे बघू, बोलायचं नसेल तर बोलणार नाही.

संचालकसाहेबांनी मला वेळ दिला आणि मी तो कधीच संपवला, तरी कुणी चिठ्ठी पाठवली नाही, याबद्दल त्यांचे आणि आयोजकांचे आभार. तुम्ही सगळ्यांनी इतकं शांत राहून ऐकून घेतलंत, तुमचेही मनापासून आभार. आनंदाच्या कार्यक्रमात मी रडगाणं आणलं, कुणाचा मान राहून गेला असेल, बोलण्यात कमीजास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. आणि डॉक्टरबाई, हे एकांतात विचारलं असतं तर तुम्ही पुन्हा दार लावलं असतंत, म्हणून मुद्दाम भर सभेत विचारलं. एवढ्या लबाडीची तुमच्यापुरती वेगळी माफी मागते.