बारीक झालेला आवाज

त्या गायकाची तारीफ आता माझ्यापुढं नको रं. गाणं सवता लिवायचा, चाल सवता लावायचा, गायचाबी सवताच. त्याची पहिली कॅसेट आली तवा मी कबनूरला कापडाच्या मागावर नवीन लागलतो. काय आवाज हुता! घरात लावली की गल्लीच्या टोकाला ऐकू यायची. दुसरी बरी वाटली. तिसरी जरा मऊ. पुढं सीडी आल्या, तर त्यात आवाज लईच बारीक. मी सगळ्यांस्नी सांगायचो, "पैसा आला आन् गळा गेला."

मग एका जयंतीला त्यो आमच्या वस्तीत गायला आला. कार्यक्रम संपल्यावर मी गाठलाच.

"पावणं, आवाज पार बसला की तुमचा."

त्यो काय म्हणाला ते मी ओठांवरनं वाचलं. मागांच्या खडखडाटात आमचं बोलणं तसंच चालतंय.

"कामाला कुठं असता?"

"मागावर. लई वर्षं झाली."

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घरी जाऊन माझी पहिली कॅसेट लावा."

घरी आलो, लावली. तीबी बारीक झालती. आवाजाचं बटन फिरवत फिरवत पार शेवटाला नेलं. तवर बायको दोन्ही कानांवर हात दाबून सैपाकघरातनं पळत आली. तिचे नुसते ओठ हलत हुते, "आवो, बंद करा की त्ये!"

म्हणलं, "थांब गं. आत्ता कुठं ऐकू याय लागलंय."